कोपरा कुणी निवडायचा?

मंगळवेढ्याकडच्या एका गावात १९८४ च्या फेब्रुवारीत मी केलेली एक चूक चाळीस वर्षांनी मला अमेरिकेत आठवली. आयोवा राज्यातल्या एम्स गावी मुलीच्या घरी बसलो होतो. तारीख ५ नोव्हेंबर २०२४, आणि टीव्हीवर अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मोजणी चालली होती. तीनच दिवसांपूर्वी डिमॉइनच्या वर्तमानपत्राने ॲन सेल्झर या बाईंची मतदार पाहणी छापली होती. आयोवात कमला हॅरिस ४७ टक्के, डोनाल्ड ट्रम्प ४४. या राज्यात सेल्झरबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. २०१६ आणि २०२० मध्ये बाकीच्यांचे अंदाज ढासळले तेव्हा त्यांचा निकालाच्या जवळ बसला होता. या वेळी मात्र ट्रम्प यांनी आयोवा तेरा टक्क्यांच्या फरकाने जिंकलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, या पाहण्या म्हणजे पोपटवाल्याची चिठ्ठी. चोचीत येईल ती उचलायची."

मला ते लागलं. मी कृषी खात्यात तेहेतीस वर्षं काढली आणि त्यातले कित्येक हंगाम पीक कापणी प्रयोगांत गेले. तालुक्यात ज्वारी किती पिकली हे सांगायला सगळ्या शेतांतली ज्वारी कुणी मोजत नाही. काही गावं निवडायची, गावातले काही गट नंबर निवडायचे, त्या शेतात दोरी लावून एक चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, उपणून वजन करायचं. चौकोन कुठे आखायचा हे मात्र आपण ठरवायचं नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, लांबी आणि रुंदी पावलांनी मोजायची, सोबतच्या तक्त्यातले यादृच्छिक आकडे पाहायचे आणि ते सांगतील तितकी पावलं चालून खुंटी ठोकायची. तिथे पीक उभं असो, आडवं झालेलं असो, नाही तर नुसता खडक असो.

त्या दिवशी आकड्यांनी मला चोपण जमिनीच्या तुकड्यावर नेऊन उभं केलं. बाकीच्या शेतात मालदांडी डोक्याएवढी आणि इथे गुडघ्याएवढी, कणसं चिमटीत मावणारी. हे काही या शेताचं खरं रूप नव्हे, असं मला मनापासून वाटलं आणि मी खुंटी दहा पावलं अलीकडे घेतली. शेतकरी बांधावरून बघत होता. तो म्हणाला, "सायेब, आकडा जितं पडला तितंच दोरी लावा की." मी ऐकलं नाही. वजन भरपूर आलं. पुढच्या आठवड्यात आमचे वरिष्ठ आले, तक्ता मागून घेतला, स्वतः पावलं मोजत चालले आणि चोपणावर जाऊन थांबले. कापलेल्या चौकोनाची धसकटं दहा पावलांवर दिसत होती. ते एवढंच म्हणाले, "काटा खरं बोलला. कोपरा खोटा होता."

अमेरिकेत निकाल आधी सांगण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास मी याच वाक्याच्या उजेडात वाचत आलो आहे.

तिथल्या पहिल्या नोंदींपैकी एक १८२४ ची. हॅरिसबर्गच्या एका पत्राने डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन गावी लोकांचा कल विचारून छापला: अँड्र्यू जॅक्सन ३३५, जॉन क्विन्सी ॲडम्स १६९. अशा मोजणीला ते लोक स्ट्रॉ पोल म्हणतात, म्हणजे काडीची मोजणी. आपल्याकडे खळ्यावर उपणायला उभं राहण्याआधी चिमूटभर भुसा वर सोडून वारा बघतात ना, तेच. काडीने वारा बरोबर सांगितला. जॅक्सनना देशात सर्वांत जास्त मतं पडली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांत बहुमत झालं नाही, प्रश्न प्रतिनिधिगृहात गेला आणि अध्यक्ष झाले ॲडम्स.

पुढची शंभर वर्षं प्रत्येकाची आपापली काडी होती. ईशान्येतलं मेन राज्य आपल्या राज्यातल्या निवडणुका सप्टेंबरातच उरकून घेई, म्हणून मेन जिकडे तिकडे देश, अशी म्हणच पडली होती. न्यूयॉर्कच्या शेअर दलालांत उघड पैजा लागत आणि त्यांचे भाव वर्तमानपत्रं रोज छापत. १९१६ मध्ये त्या पैजांनी ह्यूजेस यांना पसंती दिली होती, आणि निवडून आले विल्सन. निकाल कळण्याची रीतही बघण्यासारखी होती. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने हार्डिंग यांच्या विजयाचे आकडे हवेतून सांगितले आणि मोजक्या रेडिओवाल्यांनी ते घरात ऐकले. १९२८ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या इमारतीभोवती दिव्यांची अक्षरं धावू लागली, तीही निवडणुकीच्याच रात्री.

मग येतं १९३६, जे आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. 'लिटररी डायजेस्ट' नावाचं साप्ताहिक दर निवडणुकीला टपालाने कार्डं पाठवून कौल घेई आणि तो सतत बरोबर येत होता. १९३२ चा तर जवळजवळ टक्क्याच्या आत. १९३६ मध्ये त्यांनी एक कोटी कार्डं टाकली. परत आली तेवीस लाखांच्या आसपास. ३१ ऑक्टोबरला त्यांनी आकडे छापले: रिपब्लिकन उमेदवार लँडन १२,९३,६६९, अध्यक्ष रूझवेल्ट ९,७२,८९७. तीन दिवसांनी अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यं रूझवेल्टनी जिंकली. ५२३ निर्वाचक त्यांचे, लँडनचे आठ. लँडनकडे राहिली ती मेन आणि व्हरमाँट. म्हणजे मेनची म्हणही त्याच दिवशी निकालात निघाली. दोन वर्षांत ते साप्ताहिकही बंद पडलं.

आम्हाला कारण शिकवलं ते असं: नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे? ज्याची नोकरी गेली, तो यादीत आलाच नाही. हे खरंच आहे, पण अर्धं. पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने १९८८ मध्ये १९३७ सालची एक जुनी पाहणी पुन्हा तपासली. तिच्यात लोकांना विचारलं होतं, तुम्हाला डायजेस्टचं कार्ड आलं होतं का, आणि परत पाठवलंत का. निघालं असं, की कार्ड मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर विजेता म्हणून रूझवेल्टचंच नाव आलं असतं. ज्यांना राग होता त्यांनी कार्ड परत टाकलं आणि समाधानी माणसांनी ते बाजूला ठेवून दिलं. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो खरं, पण माझी आई वरचं शीत कधी घेत नसे. पळी तळापर्यंत घालून मधलं शीत काढी आणि बोटांत दाबून पाही. डायजेस्टने तेवीस लाख शितं दाबून पाहिली, सगळी आपणहून वर आलेली.

त्याच वर्षी जनमत पाहणी करणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी जुलैतच, डायजेस्टची कार्डं टपालात पडण्याआधी, तशाच याद्यांतून तीन हजार कार्डं पाठवली आणि जाहीर केलं की डायजेस्ट लँडनना ५६ टक्के दाखवील आणि ते चुकेल. डायजेस्टचा संपादक संतापला. आपला अंदाज चुकला तर पैसे परत, अशी हमी गॅलपनी वर्तमानपत्रांना दिली होती. त्यांनी रूझवेल्टना सुमारे ५६ टक्के दिले, प्रत्यक्षात पडली जवळपास ६१. पाच टक्क्यांची चूक होती, पण विजेता बरोबर होता म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

गॅलप आयोवाचे. एम्सपासून तासाभराच्या आत जेफरसन नावाचं गाव आहे, तिथे १९०१ मध्ये त्यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं आठ कोनी घर अजून उभं आहे. मुलगी मला ऑक्टोबरात तिकडे घेऊन गेली. दोन्ही बाजूंना कापणी झालेला मका, काळी जमीन, मैलोन् मैल सरळ रस्ता. मी रस्त्यावर उभा राहून ते घर बराच वेळ पाहिलं. आठ भिंती, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला.

एम्सशी माझी ओळख मात्र त्याहून जुनी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं, त्याच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर दिल्लीबरोबर एम्स, आयोवा असं छापलेलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला गेला. तिथे संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं होतं की नमुना सोयीने किंवा शहाणपणाने निवडू नये, चिठ्ठीवर सोपवावा. सुखात्म्यांनी त्याच विषयात पुढचं काम केलं, आणि पुढे पीक कापणीची शिस्त भारतात रुजवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. चौकोन फार लहान आखला तर उत्पन्न फुगून येतं, कारण दोरीवरचं ताट आत धरायचा मोह होतो, हेही त्यांनी मोजून दाखवलं. आम्ही तीच दोरी धरत होतो.

नेमन यांचं सांगणं गॅलपच्या पाहणीत वेळेवर उतरलं नाही. त्यांचे लोक ठरावीक वाट्याने माणसं विचारत: इतके पुरुष, इतक्या बाया, इतके गरीब, इतके सुखवस्तू. वाटा वरून ठरलेला, पण त्या वाट्यातला नेमका माणूस विचारणाऱ्याने निवडायचा. आणि विचारणारा शहाणासुरता, घरी सापडणारा, नीट बोलणारा माणूस गाठतो. १९४८ मध्ये याची किंमत मोजावी लागली. गॅलपचा शेवटचा आकडा रिपब्लिकन ड्यूई ४९.५, अध्यक्ष ट्रुमन ४४.५. दुसरे पाहणीकार एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरातच विचारणं थांबवलं होतं, निकाल ठरल्यासारखाच आहे म्हणून. शिकागोच्या 'ट्रिब्यून'मध्ये छापखान्याचा संप होता, पानं नेहमीपेक्षा लवकर लावावी लागत. त्यांनी 'ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत' अशा अर्थाचा मथळा लावून अंक सोडला. तो अंक दोन्ही हातांत धरून हसणारे ट्रुमन सेंट लुईसच्या स्टेशनवरच्या फोटोत सगळ्या जगाने पाहिले.

मला त्या सालातली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. मक्याचे भाव पडत होते, सरकारी कोठारं पुरत नव्हती, आणि मध्य पश्चिमेचा शेतकरी शेवटच्या आठवड्यांत ट्रुमनकडे वळला. आयोवा, ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिन सगळी ट्रुमननी घेतली. कॅन्सस सिटीतल्या एका खाद्य गिरणीने कोंबड्यांच्या खाद्याची पोती दोन खुणांनी विकायला ठेवली होती, एकावर डेमोक्रॅट गाढव आणि दुसऱ्यावर रिपब्लिकन हत्ती. शेतकरी गाढवाची पोती जास्त नेऊ लागले. गिरणीवाल्यांना ते खरं वाटेना आणि त्यांनी मोजणी बंद केली. चार वर्षांनी तेच झालं. १९५२ च्या रात्री सीबीएसने युनिव्हॅक संगणक लावला होता. थोडी मतं मोजली जाताच त्याने आयझेनहॉवर ४३८, स्टीव्हन्सन ९३ असा आकडा दिला. लढत तर अटीतटीची मानली जात होती. कुणाचा विश्वास बसेना, आकडा दाबून ठेवला. निकाल आला ४४२ आणि ८९.

पोती खरं बोलली होती, यंत्र खरं बोललं होतं, आणि माणसांनी खुंटी दहा पावलं अलीकडे घेतली.

आज विचारणाऱ्यांपुढची अडचण वेगळी आहे. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण उत्तर देत, २०१८ मध्ये सहा. बाकीची सगळी घरं बंद दारासारखी. अशा वेळी अनेक संस्था आपला आकडा इतरांपेक्षा फार वेगळा आला की तो थोडा हलवतात किंवा फाईलमध्येच ठेवतात. सेल्झरबाईंनी आकडा हाती आल्यावर तो छापायला दिला. निवडणुकीनंतर दोन आठवड्यांच्या आतच त्यांनी कळवलं की या कामातून त्या बाहेर पडत आहेत.

त्या रात्री दोन वाजता मुलीने टीव्ही बंद केला. मी तिला मंगळवेढ्याची गोष्ट सांगितली, चोपण तुकड्यासकट, बांधावरच्या शेतकऱ्यासकट. तिने ती आधी कधी ऐकली नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग तुम्ही त्या बाईंच्या जागी असता तर शनिवारी काय छापलं असतं?"

"काट्यावर आलं होतं तेच," मी म्हणालो. "४७ आणि ४४."