गदक्यापासून फॉइलपर्यंत : शनिवार पेठेच्या संदर्भात शस्त्रक्रीडेच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ज्या हत्याराने एकेकाळी माणसे मारली जात, त्याच हत्याराचे बोथट रूप हाती घेऊन माणसे खेळू लागतात, ही घटना समाजाच्या इतिहासात वरवर दिसते तितकी साधी नसते. तलवारीचे क्रीडेत रूपांतर युरोपात झाले, तसेच ते महाराष्ट्रातही झाले. युरोपातील रूपांतरातून नियमबद्ध स्पर्धा जन्माला आली. महाराष्ट्रातील रूपांतरातून फरीगदका, लाठी, बोथाटी आणि दांडपट्टा यांची तालीम व प्रात्यक्षिके टिकून राहिली. आज मराठीत 'तलवारबाजी' हा शब्द प्रामुख्याने फॉइल, एपे आणि सेबर या ऑलिंपिक खेळप्रकारांसाठी रूढ झाला आहे. दांडपट्टा फिरविणाऱ्या मुलाला मात्र कोणी 'तलवारबाज' म्हणत नाही, तो 'मर्दानी खेळ' करतो असे म्हटले जाते. एकाच शस्त्राच्या दोन वारसांमध्ये हा भेद कसा निर्माण झाला, याचा शोध पुण्याच्या शनिवार पेठेच्या संदर्भात घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

शनिवार पेठ : शस्त्राचे स्थान

शनिवार पेठ ही पुण्यातील जुन्या पेठांपैकी एक होय. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वाड्याची वास्तुशांत झाली. तेव्हापासून सुमारे आठ दशके ही पेठ मराठी राजसत्तेचे केंद्र होती. या काळात तलवार हे पोशाखाचे, प्रतिष्ठेचे आणि उपजीविकेचे साधन होते. तिचे शिक्षण खेळ म्हणून घेतले जात नव्हते. ती चालविता येणे ही शिपायाची पात्रता होती.

तलवारीचे क्रूर रूपही याच वास्तूने पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून वाड्यात घुसलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. शस्त्रक्रीडेचा इतिहास लिहिताना हा प्रसंग विसरून चालत नाही. गदक्याला चढविलेले चामडे आणि फॉइलच्या टोकावरील बोंड यांचे मोल कळण्यासाठी उघडे पाते काय करते हे ठाऊक असावे लागते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशवाई संपली आणि तिच्याबरोबर शस्त्रावर जगणाऱ्या मोठ्या वर्गाचा आश्रयही संपला. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती जळाल्या. शस्त्रविद्या जाणणारी माणसे मात्र शिल्लक होती. ती शेतीकडे, चाकरीकडे आणि काही प्रमाणात तालमींकडे वळली.

निःशस्त्रीकरण आणि तालीम

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात शस्त्रविद्येची परंपरा जिवंत ठेवणाऱ्यांमध्ये लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्या तालमीत दांडपट्टा, लाठी आणि नेमबाजी यांचे शिक्षण मिळे. महात्मा जोतीराव फुले यांनी तेथे शिक्षण घेतले होते आणि वासुदेव बळवंत फडके यांचाही या तालमीशी संबंध सांगितला जातो. शस्त्रविद्या ही केवळ दरबारी वा सरंजामी घराण्यांची मिरास नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. पेशवाईचा वाडा ओस पडल्यावर ही विद्या मातंग समाजातील एका वस्तादाच्या आखाड्यात नांदत होती, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने या परंपरेला निर्णायक वळण दिले. या कायद्याच्या व्याख्येत बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर आणि भाले यांचाही समावेश होता. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच या कायद्यात बदल करण्याची मागणी केली होती. तालमींच्या दृष्टीने कायद्याचा परिणाम असा झाला की, खऱ्या शस्त्राऐवजी त्याचा पर्याय हाच सरावाचा मुख्य आधार बनला. तलवारीऐवजी वेताच्या दांड्यावर चामडे चढविलेला गदका, पोलादी ढालीऐवजी कातडी फरी आणि भाल्याऐवजी टोकाला कापडी बोंडा बांधलेली बोथाटी. ही साधने नवशिक्यांसाठी पूर्वीही वापरात होती. आता ती शिक्षणाची पहिली पायरी न राहता बहुतेकांसाठी शेवटची पायरी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यातील वातावरण बदलले. १८९३–९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना मिळाली, पाठोपाठ शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला. चापेकर बंधूंनी तरुणांना एकत्र करून शारीरिक व लष्करी धर्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. व्यायामाला राष्ट्रकार्याचा अर्थ प्राप्त झाला. या अर्थामुळे शस्त्रविद्या टिकली, परंतु तिचे स्वरूपही ठरून गेले. दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी कोण श्रेष्ठ, हा प्रश्न मागे पडून शंभर तरुण एका हुकुमाने एकसारखे हात करतात की नाही, हा प्रश्न पुढे आला.

बडोद्याचे प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामासाठी इंग्रजी हुकुमांच्या जागी भारतीय भाषेतील हुकूम रूढ केले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून प्रसिद्ध झाले. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. या प्रयत्नांनी शारीरिक शिक्षणाला संस्थात्मक रूप दिले. तथापि या साऱ्यांचा भर शिक्षण, संचलन व प्रात्यक्षिक यांवर राहिला. गुण मोजण्याची सर्वमान्य पद्धती त्यातून उभी राहिली नाही.

युरोपातील समांतर प्रवास

युरोपातही तलवार रणांगणावरून हळूहळू बाजूला झाली. तेथे तिला दुसरा आश्रय मिळाला तो द्वंद्वयुद्धाचा. द्वंद्वाची तयारी करण्यासाठी शिक्षक, शाळा आणि बोथट फॉइल यांची परंपरा निर्माण झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जाळीच्या मुखवट्याचा वापर सुरू झाल्यावर चेहरा जायबंदी होण्याची भीती कमी झाली आणि वेगवान सराव शक्य झाला. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. १९१३ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९२४ पासून स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये फॉइल प्रकारात प्रवेश मिळाला.

येथे एका योगायोगाची नोंद करणे उचित ठरेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपे प्रकारात विद्युत यंत्रणेने स्पर्श नोंदविण्यास प्रारंभ झाला. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके घेऊन बर्लिनला गेले होते. एका बाजूला तलवारीच्या टोकाला तार जोडली जात होती आणि दुसऱ्या बाजूला स्वदेशी व्यायामपरंपरा जगासमोर मांडली जात होती. एकाकडे मोजमाप होते, दुसऱ्याकडे दर्शन होते. दोन्ही परंपरांचे पुढील भवितव्य या भेदातच सामावलेले दिसते.

दोन शिस्तींचा अनुभव

हा भेद खेळणाऱ्याच्या शरीरात कसा उतरतो, हे पाहिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. आधुनिक तलवारबाजी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद अशा पट्टीवर खेळली जाते. खेळाडू प्रतिस्पर्ध्याला आपली एक बाजू देऊन, गुडघे वाकवून उभा राहतो. पुढचे पाऊल सरळ आणि मागचे त्याला काटकोनात असते. पुढे, मागे आणि लांब पाऊल टाकून केलेली झेप एवढ्याच त्याच्या हालचाली. नवशिक्याचे कित्येक आठवडे हातात शस्त्र फारसे न येता पावले बसविण्यात जातात आणि मांड्या भरून येतात. खरा अभ्यास असतो तो अंतराचा. प्रतिस्पर्ध्याचे टोक पोहोचणार नाही पण आपले पोहोचेल, अशी वीतभर जागा शोधत राहणे हा या खेळाचा गाभा होय. मुखवट्याच्या जाळीतून समोरच्याचे डोळे स्पष्ट दिसत नाहीत. त्यामुळे त्याचा हेतू खांद्याच्या आणि मनगटाच्या हालचालींवरून ओळखावा लागतो.

फॉइलमध्ये केवळ धडावर टोकाने केलेला स्पर्श ग्राह्य असतो. एपेमध्ये संपूर्ण शरीर लक्ष्य असते आणि दोघांचा एकाच वेळी स्पर्श झाल्यास दोघांनाही गुण मिळतो. सेबरमध्ये कमरेच्या वरील भागावर पात्यानेही वार करता येतो. फॉइल व सेबर यांत आक्रमणाचा अग्रहक्क कोणाचा, हे पंच ठरवितात. म्हणजे हल्ला आधी अडवावा आणि मगच उलट वार करावा, हा जीव वाचविण्याचा जुना विवेक येथे नियमाच्या रूपात जपला गेला आहे.

दांडपट्ट्याची शिस्त निराळी आहे. मनगट आणि कोपरापर्यंतचा हात खोबळ्यात बंदिस्त असतो. त्यामुळे केवळ मनगटाने पाते वळविता येत नाही, खांदा व कंबर यांतून गती निर्माण करावी लागते. पट्टेकऱ्याच्या हालचाली सरळ रेषेत नसून वर्तुळाकार असतात, कारण एकट्याने अनेकांना दूर ठेवणे हे त्या शस्त्राचे प्रयोजन होते. जमिनीवर ठेवलेले लिंबू फिरत्या पट्ट्याने कापणे ही प्रात्यक्षिकातील परिचित कसोटी होय. तीत प्रतिस्पर्धी नसतो. पट्टेकऱ्याचा स्वतःवरील ताबा हीच परीक्षा असते. फरीगदक्यात मात्र प्रतिस्पर्धी समोर असतो. शिर, तमाचा, बाहेरा, कमर अशा नावांनी ओळखले जाणारे वार करावयाचे आणि फरीवर झेलावयाचे असतात. अंतर, चकवा आणि उलट वार ही तिन्ही तत्त्वे येथे आहेत. म्हणून आधुनिक तलवारबाजीचा खरा सगोत्र शोधावयाचा तर तो दांडपट्ट्यापेक्षा फरीगदक्यात सापडतो.

निर्णयाच्या पद्धतीतही असाच फरक आहे. विद्युत यंत्रणा येण्यापूर्वी युरोपात पंचांची नजर आणि खेळाडूने स्वतः दिलेली स्पर्शाची कबुली यांना महत्त्व होते. तालमीत हे स्थान वस्तादाच्या नजरेला होते. युरोपात ही नजर आधी लिखित नियमांत आणि नंतर लाल-हिरव्या दिव्यांत रूपांतरित झाली. तालमीत ती वस्तादाबरोबरच राहिली आणि बहुधा वस्तादाबरोबरच गेली.

सद्यःस्थिती

भारतीय तलवारबाजी महासंघाची स्थापना १९७४ मध्ये झाली. चेन्नईच्या भवानी देवी यांनी जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकारात भाग घेतला. ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज होत. २०२३ मध्ये वूशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र या खेळाच्या प्रशिक्षणासाठी ओळखले जाते. शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांच्या यादीतही तलवारबाजीला स्थान आहे. क्रीडागुण व नोकरीतील क्रीडा आरक्षण यांमुळे मान्यताप्राप्त खेळांकडे विद्यार्थी व पालक वळतात, हे वास्तव नाकारता येत नाही. मुखवटा, विद्युतवाहक जाकीट आणि तारजोडणी यांचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाला जड जातो. गदक्याला यातील काहीच लागत नाही. तरीही गदका शिकणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र पडत नाही.

ही अवस्था अपरिहार्य होती असे मात्र नाही. पंजाबातील गतका ही फरीगदक्याची निकटची भावंड परंपरा आहे. तिच्या स्पर्धाप्रकारातील 'फरी-सोटी' हे नावही हे नाते सांगते. गतक्याचे नियम तयार झाले, जून २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत आणि २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. हा सन्मान स्वागतार्ह आहे, परंतु सन्मान आणि नियमावली या भिन्न गोष्टी होत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, महाराष्ट्रातील शस्त्रक्रीडा स्पर्धात्मक झाली नाही याचे कारण तिच्या तंत्रातील उणिवेत नसून इतिहासात आहे. शस्त्र कायद्याने तिचे शस्त्र काढून घेतले आणि राष्ट्रीय चळवळीने तिला प्रतीकाचे कार्य दिले. दुसरा असा की, प्रतीक म्हणून ती आजही उत्सवात व मिरवणुकीत दिसते, पण शिकणाऱ्याला स्वतःची प्रगती पडताळून पाहण्याची संधी तीत अपुरी राहते. तिसरा असा की, परकीय खेळ आला म्हणून देशी खेळ मागे पडला, ही मांडणी अपुरी आहे. मोजमापाची रिकामी राहिलेली जागा त्या खेळाने भरून काढली, इतकेच म्हणता येईल.

रमणबाग आणि अहिल्यादेवी या शनिवार पेठेतील शाळांतील मुले-मुली रोज शनिवारवाड्याच्या परिसरातून ये-जा करतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती फॉइल येईल, तर कोणी उत्सवाच्या पथकात लाठी फिरवील. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. वयोवृद्ध वस्तादांकडील वारांची नावे, पवित्रे आणि निर्णयाचे संकेत ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवणे, त्यांच्या आधारे फरीगदक्याची सुरक्षित नियमावली सिद्ध करणे, आणि हे काम इतिहास व शारीरिक शिक्षण या दोन विभागांनी मिळून करणे, हे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. वस्तादाची नजर लिहून ठेवली गेली नाही, तर तिच्याबरोबर एक संपूर्ण विद्याशाखा संपेल. ती लिहिली गेली, तर 'तलवारबाजी' या मराठी शब्दात गदक्यालाही त्याची हक्काची जागा मिळू शकेल.