शेतवस्तीवर लाईट नाही? सोलर बसवण्याआधी हा हिशोब मांडा

गावठाणात लाईट आहे, पण शेतातल्या वस्तीपर्यंत पोल आलेले नाहीत, अशी घरं जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतात. डोंगरातले पाडे आणि जंगलातल्या वाड्या तर आणखी लांब. रात्री साप-विंचू, काही भागांत बिबट्याचं भय, पोरांचा अभ्यास, मोबाईलचं चार्जिंग, या सगळ्यासाठी आता अनेक कुटुंबं लाईनची वाट न बघता घरचं सोलर बसवत आहेत. ज्या सोलरचा महावितरणच्या लाईनशी काही संबंध नसतो, त्याला ‘ऑफग्रिड’ म्हणतात.

पण बसवल्यावर दीड-दोन वर्षांत ‘सोलर बंद पडलं’ अशी तक्रारही कानावर येते. बहुतेक वेळा पॅनेल चांगलं असतं, मेलेली असते ती बॅटरी. तिचं कारण अनेकदा आधी न मांडलेल्या हिशोबात असतं.

ऑनग्रिड आणि ऑफग्रिड: आधी फरक समजून घ्या

पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तर ३ किलोवॅट आणि त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र ही योजना लाईनला जोडलेल्या घरगुती सोलरसाठी आहे, म्हणजे वीज कनेक्शन आणि ग्राहक क्रमांक लागतो. पोलच नसलेल्या वस्तीवर ‘सूर्यघरची सबसिडी मिळवून देतो’ असं कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी थांबावं.

दुसरी गोष्ट म्हणजे साधं ऑनग्रिड सोलर लाईन गेली की भर उन्हातही आपोआप बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला घरच्या सोलरचा शॉक बसू नये म्हणून ही सोय असते. त्यामुळे लोडशेडिंगवर उपाय म्हणून ऑनग्रिड घेतलं तर फसगत होते. लाईन नसताना घर चालवायचं तर बॅटरी पाहिजेच.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना वेगळी. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. काही जण पंपाच्या पॅनेलवरून परस्पर वायर ओढून घरात दिवे लावतात. हे जिवावरचं काम आहे. एकापुढे एक जोडलेल्या त्या पॅनेलमध्ये डीसी करंटचा व्होल्टेज फार जास्त असतो.

हिशोब कसा मांडायचा?

आधी दुकानात जाऊ नये. घरी वही घ्यावी आणि कोणती वस्तू किती वॅटची, रोज किती तास चालणार, ते लिहावं. वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. पाच-सहा माणसांच्या साध्या घराचा हिशोब असा:

- ९ वॅटचे ४ एलईडी बल्ब, ५ तास: १८० वॅट-तास
- ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे, ८ तास: ४८० वॅट-तास
- ५० वॅटचा टीव्ही, ३ तास: १५० वॅट-तास
- ३ मोबाईलचं चार्जिंग: सुमारे ४५ वॅट-तास
- ५०० वॅटचा मिक्सर, १० मिनिटं: सुमारे ८५ वॅट-तास

एकूण ९४० वॅट-तास, म्हणजे रोज जवळपास १ युनिट.

यात पंख्यावर नजर टाकावी. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. तेच दोन पंखे असतील तर ४८० च्या जागी १२०० वॅट-तास लागतात, म्हणजे घराची गरज पावणेदोनपट होते. बीएलडीसी पंखा महाग वाटतो, पण तो जास्तीचं पॅनेल आणि जास्तीची बॅटरी वाचवतो.

इस्त्री, गिझर, इंडक्शन शेगडी आणि पाण्याची मोटर या हिशोबात बसत नाहीत. १ एचपीची मोटर ७४६ वॅटची असली तरी सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. पाण्यासाठी वेगळा सोलर पंपच बरा.

पॅनेल किती, बॅटरी किती?

महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल सरासरी दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतं. ५४० वॅटचं एक पॅनेल धरलं तर २ युनिटच्या थोडं वर. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये घट होऊन हाती दीड युनिट येतं. उन्हाळ्यात ते पुरून उरतं. ढगाळ दिवशी निम्म्यावर येतं, तेव्हा काटकसरीनं भागतं.

वरच्या घरात रात्रीचे दिवे, पंखे आणि टीव्ही मिळून ८०० वॅट-तासांच्या आसपास लागतात. दोन रात्री काढायच्या तर १६००. साधी लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटरी मात्र निम्म्याच्या खाली उतरवू नये, रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. म्हणून क्षमता दुप्पट धरायची. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. अशा दोन घेतल्या की ३६०० होतात, त्यातले १८०० वापरायचे. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि जास्त वर्षं टिकते, पण सुरुवातीचा खर्च मोठा.

या घराला २४ व्होल्टचा १ केव्हीए इन्व्हर्टर पुरतो. चार्ज कंट्रोलर मात्र एमपीपीटी प्रकारचा मागावा. आजची मोठी पॅनेल ४० व्होल्टच्या आसपास चालतात. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्यांना बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो आणि जवळपास तिसरा हिस्सा वीज वाया जाते.

बसवताना आणि नंतर

- पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण १८ ते २० अंश. झाडाच्या एका फांदीची सावली काही सेलवर पडली तरी उत्पादन बरंच घसरतं.
- स्ट्रक्चर पक्कं बोल्ट करून घ्यावं. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट पॅनेल उडतं. अर्थिंग आणि डीसी फ्यूज टाळू नये.
- पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर पुसावं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. घासणी, वॉशिंग पावडर नको.
- ट्युब्युलर बॅटरीचं पाणी दोन-तीन महिन्यांनी बघावं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, बोअरचं पाणी किंवा ॲसिड नाही.
- चार्ज होताना या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. चुलीजवळ, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ किंवा झोपायच्या बंद खोलीत ती ठेवू नये.

पावसाळ्याचं काय?

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. घाटमाथ्यावर आणि कोकणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी इन्व्हर्टर शिटी मारेपर्यंत टीव्ही चालवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कमी करणं. दोन दिवे आणि मोबाईल एवढंच चालू ठेवावं. पावसाळ्यात पंख्याची गरज कमी असते, हा त्यातला दिलासा. पवनचक्की ढगाळ दिवसांत वीज देते हे खरं, पण साताऱ्यातल्या चाळकेवाडीसारख्या वाऱ्याच्या पठारावर जमतं ते झाडीत वसलेल्या वस्तीवर जमेलच असं नाही.

स्वयंपाकासाठी गोबरगॅस अजूनही भरवशाचा आहे. २ घनमीटरच्या प्लँटला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरं पाहिजेत. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि स्लरी खत म्हणून शेतात जाते. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा थोडं सरपण जवळ असावं.

बॅटरीचा गल्ला

पॅनेल २५ वर्षांच्या आसपास चालतं. लेड-ॲसिड बॅटरी नीट सांभाळली तरी साधारण चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ साली सुमारे ४० घरांसाठी छोटं सौर वीजकेंद्र उभं राहिलं. तिथे घरोघरी मीटर लावून गावानेच वीजबिल गोळा करायचं आणि त्यातून देखभाल व पुढच्या बॅटरीची तरतूद करायची, अशी पद्धत ठेवली गेली.

एकट्या घरालाही हेच लागू. नव्या बॅटरीच्या किमतीला ४८ ने भागावं आणि येईल तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढावी, म्हणजे चार वर्षांनी कर्ज काढायची वेळ येत नाही.

ॲडव्हान्स देण्याआधी हे विचारा

- पॅनेलवर बीआयएसचा शिक्का आणि सिरीयल नंबर आहे का?
- पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी, तिघांची वॉरंटी वेगवेगळी लिहून मिळणार का?
- बॅटरीवर उत्पादनाची तारीख कोणती? दुकानात पडून राहिलेली नको.
- बिघाड झाला तर वस्तीवर कोण येणार, किती दिवसांत?
- जीएसटीचं पक्कं बिल मिळणार का? बिल नसेल तर वॉरंटीचा दावा अडतो.

आणि घरचा युनिटचा हिशोब दुकानदारापुढे ठेवावा. तो न बघताच ‘एवढ्यात सगळं चालेल’ म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नये.