चटईवरची विद्या

वाचकहो, घर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे पलंग, कपाट, टेबल-खुर्ची उभी राहते. हिंजवडीत तर नव्या घराबरोबर नवे फर्निचर ओघानेच येते. पण साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसाच्या घरात काय असे?

प्रथम मिसर देश, म्हणजे इजिप्त पाहू. तेथे देर अल्-मदीना येथे १९०६ साली 'खा' नावाच्या बांधकाम-प्रमुखाची व त्याची पत्नी मेरित हिची कबर अबाधित सापडली. इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास पुरलेले त्यांचे पलंग, तिवया व पेट्या आज इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहेत. उशीऐवजी मानेखाली लाकडी टेकू घेत. मात्र उत्तम लाकूड तेथे दुर्मिळ. देवदार लेबनॉनहून येई. त्यामुळे गरिबाघरी चटई, मडकी आणि फार तर एखादी तिवई, एवढाच संसार असे.

त्याच सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगावी शेतकरी नांदत होते. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. १९८८ च्या अहवालावर डॉ. सांकलिया व डॉ. ढवळीकर यांच्या जोडीने डॉ. झेड. डी. अन्सारी यांचेही नाव आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. तेथील कुडाच्या घरांत चुली, पाटे, रांजण, धान्याची पेवे सापडली. लाकडी सामान मात्र हाती लागले नाही. ते नव्हतेच, असे मात्र म्हणता येत नाही. वाळवंटातील कोरड्या कबरीत लाकूड टिकते, आपल्या पावसाळी मातीत कुजते. घराचे खांबसुद्धा जमिनीतील खळग्यांवरूनच ओळखावे लागले.

मग विद्येचे काय? मिसरमध्ये लेखनिकाला मोठा मान होता. तो जमिनीवर मांडी घालून बसे आणि मांडीवर ताणलेल्या वस्त्रावर पपायरसची गुंडाळी ठेवून लिही. राज्याचे हिशेब असे मांडीवर लिहिले गेले.

पालकहो, मुलांना टेबल देता येत नाही, ही खंत बाळगू नका. आपल्या घरात रेहल आहे. तिच्यापुढे चटईवर बसूनच आपले वडीलधारे वाचावयास शिकले. मुलगा असो वा मुलगी, एक चटई, एक दिवा आणि रोज दोन तासांची शांतता द्या. लाकूड कालांतराने कुजते. शिकलेले मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.