वेदनाशामक गोळी आणि मूत्रपिंड

कुष्ठरोग्यास वेदना नसतात, हा समज अर्धाच खरा. त्वचा बधिर होते. परंतु मज्जातंतू सुजले म्हणजे ठणका असह्य होतो, आणि कित्येकांचा तो रोगजंतु नष्ट झाल्यावरही वर्षानुवर्षें टिकतो. मग वेदनाशामक गोळी नित्याची होऊन बसते.

१८८७ सालीं जर्मनींत फेनासेटिन विक्रीस आलें. ॲस्पिरिन व कॅफीन यांसह तें ए. पी. सी. च्या गोळींत शिरलें. १९५३ सालीं स्वित्झर्लंडांत स्प्यूलर व झोलिंगर यांनीं अशीं औषधें दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांचा विकार वर्णिला. तरी अमेरिकेंत फेनासेटिन बंद होण्यास १९८३ साल उजाडलें! तेवढ्यानें धोका टळला नाहीं. ॲस्पिरिनच्या वर्गांतील औषधें शरीरांत प्रोस्टाग्लँडिन हें द्रव्य बनूं देत नाहींत, असें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं लंडन येथें दाखविलें. आधींच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच द्रव्याच्या आधारें टिकतो.

कुष्ठरोग्याचें मूत्रपिंड तर पुष्कळदां आधींच दुबळें असतें. वारंवार उसळणारा दाह आणि जुने व्रण यांमुळें त्यांत ॲमिलॉइड नांवाचें प्रथिन सांचतें. बिघाड पुष्कळ वाढेपर्यंत तें दुखत नाहीं; क्रिएटिनिनसाठीं रक्त तपासावें तेव्हां तो कळतो. शिवाय मज्जातंतूच्या दाहावर खरा उपाय प्रेड्निसोलोनचा, आणि तोही वेळींच. नुसत्या गोळीनें ठणका दबला तरी हात लुळा पडावयाचा राहत नाहीं.