वेकडेकने 2 च्या घाताची अट का सोडली?

रस्टमध्ये इटरेटरमधून येणारे घटक डबल-एंडेड क्यूमध्ये भरायचे असतील तर तुम्ही काय करता? कलेक्ट लिहिता आणि मोकळे होता. पण त्या एका शब्दामागचं काम सोपं व्हायला आधी एक जुनी अट मोडावी लागली. ती कशी मोडली, ते संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने बघण्यासारखं आहे.

ही क्यू म्हणजे वेकडेक. 2015 मध्ये रस्ट 1.0 येण्याआधी तिचं नाव रिंगबफ होतं, आणि त्या नावातच तिची रचना आहे: एक सलग बफर, शेवट आला की पुन्हा सुरुवातीला वळायचं. वळायला भागाकाराची बाकी काढावी लागते, आणि भागाकार प्रोसेसरला महाग पडतो. म्हणून अट घातली गेली की क्षमता कायम 2 चा घात हवी. मग बाकीऐवजी एक बिटवाइज अँड पुरतो. शिवाय सुरुवात आणि शेवट एवढेच दोन निर्देशांक साठवलेले. ते सारखे झाले तर क्यू रिकामी की भरलेली? हा घोळ टाळायला एक घर कायम मोकळं.

आता याची किंमत बघा. 1024 घटक ठेवायचेत, म्हणजे घरं हवीत 1025, आणि पुढचा घात थेट 2048. निम्मी मेमरी पडून! 1024 घटकांनी गच्च भरलेल्या वेकची क्यू करायची तरी बफर वाढवावा लागे. त्यामुळे इटरेटरमधून वेक भरण्याच्या ज्या वेगवान वाटा तयार होत्या, त्या क्यूला फुकटात मिळत नव्हत्या.

जानेवारी 2023 च्या रस्ट 1.67 मध्ये रचना बदलली. आता सुरुवात आणि लांबी साठवतात. लांबी क्षमतेइतकी झाली की क्यू भरली. मोकळ्या घराची गरजच नाही. वळण्यासाठी एक तुलना आणि लागलीच तर एक वजाबाकी पुरते. घाताची अट गेली, आणि वेकची क्यू स्थिर वेळेत, नवी मेमरी न घेता होऊ लागली. मग कलेक्टलाही सरळ रस्ता मिळाला: आधी वेक भरा, मग तोच बफर क्यू म्हणून वापरा.

यातून तुम्ही काय घ्याल? लूप घासत बसण्याआधी रचनेतल्या अटींची यादी करा. प्रत्येकीपुढे लिहा: ही कशासाठी आली, आणि तेच काम आज दुसऱ्या स्वस्त मार्गाने होतं का? पुष्कळदा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.