कॉन्चेर्टो, बासरीचा

एक वा अधिक एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उभी राहणारी पाश्चात्त्य अभिजात रचना म्हणजे कॉन्चेर्टो. रेकॉर्डर या उभ्या धरायच्या युरोपीय बासरीसाठी इंग्रज रचनाकार माल्कम आर्नल्ड यांनी १९८८ मध्ये डॅनिश वादक मिकाला पेट्री यांच्याकरिता असा कॉन्चेर्टो लिहिला.

रेकॉर्डरला पुढे सात आणि मागे अंगठ्याचे एक छिद्र असते. फुंक वाढवली की सूरही चढतो, त्यामुळे वादकाला आवाज फारसा मोठा करता येत नाही. वाद्यवृंदच हलका ठेवावा लागतो. याउलट बांबूच्या आडव्या भारतीय बासरीत बोट छिद्रावरून हळूच सरकवून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारा स्वर, काढतात. ही लवचीकता लिखित स्वरलिपीशी जुळवणे हे रचनाकाराचे खरे कसब.

अशा जुळणीचे महाराष्ट्रातील मोलाचे उदाहरण म्हणजे तबलावादक झाकिर हुसेन यांचा सतार, बासरी, तबला व वाद्यवृंद यांसाठीचा त्रिवाद्य कॉन्चेर्टो. २०२३ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासह तो प्रथम सादर झाला. तबल्यावर स्वतः झाकिर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया आणि सतारीवर नीलाद्री कुमार होते.

कॉन्चेर्टोबाहेरही, ठाण्यात बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांचे शिष्य विवेक सोनार यांनी ‘बासरी उत्सवा’तून बांबूच्या बासरीला हक्काचा रसिकवर्ग मिळवून दिला आहे.