एक पडदा आपला, एक श्रोत्यांचा

मंडळी, कॉम्प्युटरला दुसरा पडदा जोडतो तेव्हा केबल तीच असते, पण कामं दोन असतात. टेबलावर काम करताना दोन्ही पडदे आपलेच. व्याख्यानाला उभं राहिलो की त्यातला एक परक्यांचा होतो. हा फरक यंत्रांना उमगायला बराच काळ गेला.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तास प्रात्यक्षिक दाखवलं. माउस, दुवे, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम, सगळं त्यात होतं. कॉम्प्युटर होता लांब मेन्लो पार्कला. सभागृहात आयडोफोर हा जंगी प्रोजेक्टर. एंगलबार्ट समोर जे पाहत होते तेच श्रोत्यांना दिसत होतं; मधली जुळवाजुळव मागे बसलेले बिल इंग्लिश करत होते. म्हणजे विंगेत माणूस लागलाच!

मग येतं १९८७. आम्हाला हे साल फार गमतीचं वाटतं. त्या वर्षी मॅकिंटॉश टू आला. त्यात कार्डांसाठी सहा खाचा. जितकी व्हिडिओ कार्डं, तितके पडदे, आणि सगळे मिळून एकच टेबल. खिडकी एका पडद्यावरून ओढून दुसऱ्यावर न्या, खुशाल. त्याच वर्षी त्याच मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंटही आलं. पण ते दुसऱ्या पडद्याकडे बघतही नव्हतं! त्यातून छापून निघायच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळ्या-पांढऱ्या ट्रान्सपरन्सी. वक्त्याची टिपणं वेगळ्या कागदावर. आमच्या मते ही वाटणी चोख होती: भिंतीवरचं लोकांचं, हातातलं आपलं.

१९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्लाइड थेट लॅपटॉपवरून प्रोजेक्टरवर जाऊ लागल्या आणि ती वाटणी मोडली. दोन्हीकडे एकच चित्र ठेवलं, तर आपली खासगी फाइलही सभेला दिसते. पडदा टेबलासारखा वाढवला, तर खिडकी आपल्या पाठीमागच्या भिंतीवर उघडते आणि वक्ता मान वळवून माउस शोधत बसतो. हा खेळ आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

उपाय निघाला तो प्रॉम्प्टरचा: वक्त्यापुरती टिपणं, पुढची स्लाइड, घड्याळ, श्रोत्यांना फक्त स्लाइड. पॉवरपॉइंटच्या २०१३ च्या आवृत्तीत प्रोजेक्टर जोडला की ही मांडणी आपोआप होऊ लागली. कोणता पडदा कुणाचा, हे मात्र यंत्र अंदाजानेच ठरवतं. म्हणून तिथेच अदलाबदलीची सोयही द्यावी लागली.